आजची चूक

“‘डिस्कस’ला ‘अबाउट’ कुणी जोडला?”

दामिनीनं मार्कर टेबलावर ठेवला आणि वर्गावरून नजर फिरवली.

“‘डिस्कस’ या शब्दातच ‘विषयी’ आहे. ‘डिस्कस अबाउट’ म्हणणारा माणूस दोन पायजमे घालून बाजारात निघालेला असतो. कुणाचं वाक्य आहे हे?”

मेडिकल स्टोअरवाल्या एका तरुणानं हात वर केला. वर्ग हसला. त्याचा हात मात्र वरच राहिला, खाली घ्यावा की नाही हे त्याला कळेना.

राजापेठेतल्या ‘परफेक्ट इंग्लिश’चा रविवारचा वर्ग असाच चाले. खाली वकारचं फ्लेक्सचं दुकान, वर पत्र्याच्या जिन्यानं गेलं की ही खोली. बँकेच्या परीक्षा देणारे, नवऱ्याच्या मागं परदेशी जायला निघालेल्या नव्या सुना, मुलांच्या शाळेत पालकसभेला गप्प बसावं लागणारे बाप असे सगळे दामिनी मॅडमकडे येत. मॅडमचं इंग्रजी गावात एक नंबर, यात वाद नव्हता. मॅडमची जीभही एक नंबर, हे फी भरल्यावर कळे.

दामिनीला माणसांची कीव येत नसे, किळस येई. चौकातल्या फ्लेक्सवर ‘हार्टली वेलकम’ वाचलं की तिचा दिवस खराब होई. शेजारच्या बाई ‘माय कझिन ब्रदर’ म्हणाल्या की ती मान फिरवून गच्चीकडे बघे. पूर्वी ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. कायमची जागा निघाली तेव्हा ती मिळाली संस्थाचालकाच्या भाच्याला, जो मुलाखतीत ‘मोर बेटर’ म्हणाला होता. दामिनीनं ते बाहेर बाकावर बसून स्वतःच्या कानांनी ऐकलं. नोकरी गेली त्यापेक्षा ती ‘मोर बेटर’ म्हणणाऱ्याला गेली, हे तिला पचलं नाही. तेव्हापासून तिनं सगळ्या गावाला एकाच रांगेत उभं केलं आणि तपासायला घेतलं. लग्नाचं वय त्या तपासणीत कधी निघून गेलं, ते तिच्या आईलाच तेवढं माहीत होतं.

“नवीन कोण आहे? उठा. ओळख सांगा.”

शेवटच्या बाकावरून पन्नाशीचा एक माणूस उठला. बारीक कापलेले पांढरे केस, इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, नखांच्या कडांना न निघणारं काळं ऑइल.

“मायसेल्फ खुशालराव. फ्रॉम अकोला.”

“‘मायसेल्फ’ कशाला? आरशासमोर उभे आहात का? ‘आय ॲम’ म्हणा.”

वर्ग हसला. खुशालरावही हसला, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ. दामिनीला ते आवडलं नाही. चूक दाखवल्यावर माणसानं ओशाळायला हवं.

“अकोल्याहून इथं? तिकडं क्लास नाहीत?”

“हायेत ना मॅडम. पन माही पोरगी इथं होस्टेलले असते, रागिणी. दर रविवारी तिले भेटाले येतोच. म्हनलं, सोबत हेबी काम होऊन जाईन.” अकोल्याच्या जुन्या शहरात त्याचं मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटारींत तांब्याची तार नव्यानं गुंडाळायचं, दुकान होतं. एका पंप कंपनीची एजन्सी त्याला मिळाली होती. “कंपनी कोइमतूरची. तिथल्या साहेबाले ना मराठी येत, ना हिंदी. फोनवर तो बोलते अन् मी नुसता ‘येस सर, येस सर’ करून रायलो. कशाले येस म्हनून बसलो, तेच नाई समजत.”

पुन्हा हशा झाला. “क्लासमध्ये वऱ्हाडी बोलायचं नाही,” दामिनी म्हणाली आणि फळ्याकडं वळली.

*

खुशालरावच्या शंका सुरू झाल्या की संपत नसत. वर्ग सुटल्यावर विचारी, आठवडाभर व्हॉट्सॲपवर विचारी. ‘सिन्स’ कधी आणि ‘फॉर’ कधी? ‘लेंड’ म्हणजे देणं की घेणं? कोइमतूरच्या साहेबानं ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहिलंय, तर आता मी नेमकं काय करू? दामिनी एका ओळीत उत्तर देई. पण देई, कारण चुकीचं काही समोर पडलेलं तिला बघवत नसे.

प्रेझेंट परफेक्ट शिकवला त्या आठवड्यात तिनं सगळ्यांना चार-चार वाक्यं लिहून पाठवायला सांगितली. खुशालरावची आली ती अशी : ‘माय वाइफ हॅज डाइड टू इयर्स बिफोर. स्टिल आय ॲम टेकिंग आउट टू प्लेट्स. डॉटर हॅज गॉन टू होस्टेल. सो वन प्लेट आय ॲम कीपिंग बॅक.’

दामिनीनं ती वाचली आणि तिला जागोजागी लाल शाई दिसायला लागली. काळ सांगितला की सिंपल पास्ट, हे तिनं फळ्यावर चौकटीत लिहून दिलं होतं. ‘बिफोर’ नव्हे, ‘अगो’. रोजची सवय असेल तर ‘ॲम टेकिंग’ नव्हे, ‘टेक’. एवढ्याशा जागेत इतका चिखल!

क्लासचं इन्स्टाग्राम पेज होतं. त्यावर दर आठवड्याला ‘आजची चूक’ येई : एखादं चुकीचं वाक्य, लाल काट, खाली एक टोमणा. टोमणे दामिनीचे, चित्र वकार बनवी. वकार तिचाच जुना विद्यार्थी. कॉलेजच्या पोरापोरींमध्ये ते पेज जोरात होतं. टोमण्यांसाठीच लोक बघत. दामिनी जिना उतरून दुकानात गेली आणि मोबाइल त्याच्यासमोर धरला.

“हे घे. आणि खाली मोठ्या अक्षरात मराठीत लिही : ‘बायको गेली ती गेली, टेन्स तरी सांभाळा!’”

वकारनं वाचलं. माऊसवरचा हात काढून घेतला.

“मॅडम, ये रहने देते ना. कोनाच्या घरची गोष्ट हाय हे.”

“नाव आहे का कुणाचं त्यात?”

“नाव नाई. पन—”

“मग? तुझ्या फ्लेक्सवर ‘हार्टली’ लिहितोस, तेव्हा विचारतोस का कुणाला?”

वकारनं चित्र बनवलं. दुपारपर्यंत हसऱ्या तोंडांची रांग लागली. एकानं लिहिलं, ‘काका, दुसरी करा, प्युअर प्रेझेंट!’ दामिनीनं त्याला दाद दिली, कारण त्यात व्याकरणाची चूक नव्हती.

*

गणपतीच्या सुमारास घरची पाणी चढवायची टिल्लू मोटार बंद पडली. क्लासच्या मागच्या गल्लीत दामिनीचं घर. घरात ती आणि तिची आई मनकर्णाबाई, दोघीच. मिस्त्री येतो येतो म्हणून येईना. रविवारी वर्ग सुटल्यावर मनकर्णाबाई वकारच्या दुकानातून पाणी न्यायला बादली घेऊन जिन्याखाली उभी होती, ती खुशालरावनं पाहिली.

“काय झालं, माय?”

“मोटार मेली बाप्पा. टाकीत टिपूस नाई पान्याचा.”

“मरते कशी? पाहू द्या.”

दामिनी अर्ध्या तासानं घरी पोचली, तर अंगणात इस्त्रीचा शर्ट दोरीवर लटकलेला आणि खुशालराव बनियनवर मोटारीपाशी उकिडवा बसलेला. मनकर्णाबाई पायरीवर बसून त्याला कुठल्यातरी मावसभावाच्या वरातीत बैल उधळला होता ते सांगत होती आणि डोळ्यांना पदर लावून हसत होती. आई अशी हसते हे दामिनी विसरून गेली होती. घरात आई बोलायला लागली की दामिनी तिचे शब्द सुधारत असे, म्हणून हळूहळू आईनं बोलणंच कमी केलं होतं.

“कपॅसिटर गेला होता,” खुशालराव म्हणाला. मोटार घुरघुरली, पाइपात पाणी चढल्याचा आवाज आला. हात धुता धुता त्यानं विचारलं, “मॅडम, एक डाउट होता. ‘यूज्ड टू’ जुन्या सवयीले लावतात ना?”

“हो. पूर्वी करत होतो, आता करत नाही. वाक्य करा.”

त्यानं ओले हात झटकले. “आय यूज्ड टू शाउट ऑन माय वाइफ फॉर सॉल्ट.”

“‘शाउट ॲट’.”

“शाउट ॲट,” त्यानं मान डोलावली. “भाजीत मीठ कमी पडलं की लय वरडायचो मी. आता सोता रांधतो तं रोजच कमी पडते.”

वाक्यात आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्यापलीकडं काय बोलायचं असतं याची तिला सवय नव्हती. ती आत गेली आणि चहा ठेवला. किती दिवसांनी परक्या माणसासाठी तिनं स्वतःच्या हातानं चहा ठेवला असेल!

नंतर रविवार आला की दामिनी सकाळी कपाटासमोर जरा जास्त वेळ उभी राहायला लागली. एकदा खुशालराव आला नाही. रागिणीला ताप होता म्हणे. तेव्हा तिनं वर्गाला असं झाडलं की एक नवी सून रडत निघून गेली. मोबाइल वाजला की आधी तिला त्याच्या चुकांची चीड येई, आणि चुका संपल्या की पुढचा मेसेज कधी येतो याची वाट बघितली जाई. या वाट बघण्याचा तिला स्वतःचाच तिरस्कार वाटे. मोटारी गुंडाळणारा माणूस! ‘अ’ कुठं आणि ‘द’ कुठं हे ज्याला कळत नाही!

नेमकं हेच ती आईला म्हणाली. भाजी निवडता निवडता मनकर्णाबाईनं विषय काढला होता, “बरा मानूस हाय. म्या इचारू का त्याले?”

“आई, त्याला ‘अ’ आणि ‘द’ कळत नाही.”

“तुह्या बापाले कुठी येत होतं? पन मले मान खाली घालाले लावली नाई कदी कोनापुढं.”

दामिनी उठून गेली. पण दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, आई झोपायची तयारी करत होती तेव्हा, दारात उभं राहून तिनं म्हटलं, “उद्या त्यांना जेवायला बोलाव.”

“अन् इचारू?”

“विचार.”

पेजवरचं ते जुनं वाक्य तिला मधे एकदा आठवलं होतं. काढून टाकावं असंही वाटलं होतं. मग तिनं लाइक्सचा आकडा पाहिला आणि राहू दिलं.

*

त्या रविवारी खुशालराव वर्गाला आला नाही. दुपारी सरळ घरीच आला, रागिणीला घेऊन. मनकर्णाबाईनं सकाळपासून खपून सांभारवड्या केल्या होत्या. घरभर तळलेल्या कोथिंबिरीचा वास होता.

“ये बाप्पा. अन् हे रागिणी का? ये माय, बस.”

रागिणी बसली नाही. सडसडीत, सावळी मुलगी, बापासारखंच रुंद कपाळ. तिनं दामिनीकडं पाहिलं. “मॅडम, हे तुमच्या पेजवरचं आहे ना?”

मोबाइलवर तेच चित्र होतं. कुठल्याशा मोठ्या विनोदी पेजनं ते उचललं होतं. त्याच्याखाली आता हजारोंनी माणसं हसत होती.

“होस्टेलमध्ये मुली एकमेकींना वाचून दाखवत होत्या. मीपण हसली आधी. मग ते ताटांचं वाचलं. बाबा रोज दोन ताटं काढतात अन् एक परत ठेवतात, हे मला माहीत आहे. दुसऱ्या कोणाला माहीत नाही.”

“नाव टाकलेलं नव्हतं,” दामिनी म्हणाली.

“नाव नाही टाकलं म्हणून ते ताटं दुसऱ्याच्या घरचे होतात का?”

“रागिणी,” खुशालराव म्हणाला, “हळू.”

“काय झालं? काय हाय त्याच्यात?” मनकर्णाबाईनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि मुलीच्या हातून मोबाइल घेतला. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं. खालची मोठी अक्षरं मराठी होती. तिनं बोट लावून, शाळेतल्या पोरीसारखं एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचलं, “बा-यको गे-ली ती गे-ली… टेन्स… तरी… सां-भाळा.”

तिनं वर पाहिलं. “हे कोनं लिवलं व?”

स्वयंपाकघरात कढईतलं तेल अजून चुरचुरत होतं. दामिनी उभी होती तिथंच उभी राहिली.

मनकर्णाबाईनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. मोबाइल रागिणीच्या हातात दिला आणि आत जाऊन गॅस बंद केला.

खुशालराव दामिनीकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला बरं वाटलं असतं. “मॅडम, वाक्य चुकलंच होतं. तुमी बरोबर केलं,” तो म्हणाला. “पन थे मी तुमाले इचारलं होतं. गावाले नाई.”

“मी काढून टाकते. आत्ता.”

“टाका.” तो चप्पल घालायला वळला. “माय, येतो आमी.”

“जेवून तं जा, बाप्पा.”

“आज नाई, माय. नाई जानार घशाखाली.”

मनकर्णाबाईनं वड्या कागदात बांधून आणल्या. रागिणीनं हात पुढं केला नाही. खुशालरावनं पुडी घेतली, वाकून म्हातारीच्या पायांना हात लावला आणि दोघं निघाले.

दामिनी तशीच वकारकडं गेली. त्यानं मुकाट्यानं चित्र काढून टाकलं.

“आपल्या पेजवरून गेलं, मॅडम. पन बाकीच्यांच्या मोबाइलमधून कसं काढू?”

मग वकार म्हणाला, “मी बोललो होतो,” आणि दुसऱ्या कामाला लागला. तिला असं पाठ करून बसायची त्याची ती पहिलीच वेळ होती.

संध्याकाळी तिनं खुशालरावला मेसेज लिहिला. इंग्रजीत. तीन परिच्छेद, एक स्वल्पविराम इकडचा तिकडं नाही. वाचून पाहिला तर एखाद्या कार्यालयानं दिलगिरी कळवावी तसा वाटला. मराठीत लिहून पाहिला. त्यात कुठल्याच वाक्याला शेवट सापडेना. शेवटी इंग्रजीतलाच पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : ‘ओके मॅडम. नो प्रॉब्लेम. यू आर करेक्ट.’

पुढच्या रविवारी शेवटचा बाक रिकामा होता. घरात मनकर्णाबाई रोजच्यासारखी वागत होती, रांधत होती, देवाला फुलं वाहत होती. खुशालरावचं नाव तिनं काढलं नाही. दामिनीनं तिचे शब्द सुधारणं सोडलं, तरी ती पुन्हा बोलायला लागली नाही.

*

फेब्रुवारीत अकोल्याच्या एका शाळेनं दामिनीला शिक्षकांच्या शिबिरात बोलायला बोलावलं. ‘इंग्रजीतल्या नेहमीच्या चुका’ हाच विषय. ती बोलली, शिक्षक हसले, मुख्याध्यापकांनी ‘हार्टली थँक्स’ दिले. तिनं ते सुधारलं नाही. बाहेर येऊन तिनं बसस्टँडसाठी ऑटो केला आणि ऑटोवाल्याला मधेच म्हणाली, “आधी जुन्या शहरात घ्या.”

मोर्णा नदीचा पूल ओलांडून ऑटो गल्लीत शिरला. दुकान शोधावं लागलं नाही, खुशालरावचा आवाजच रस्त्यावर येत होता.

“येस सर! मोटर हॅज कम! बट शाफ्ट हॅज नॉट कम! फार्मर इज सिटिंग ऑन माय हेड, सर!”

पलीकडचा माणूस काहीतरी बोलला असावा. खुशालराव खो खो हसला. “नो नो सर, नॉट टुमॉरो! टुडे ओन्ली! ओके? ओके! थँक्यू!”

त्यानं फोन ठेवला आणि दारातल्या दामिनीला पाहिलं. मग गल्ल्यामागची प्लॅस्टिकची खुर्ची काढली, खांद्यावरच्या कापडानं पुसली आणि पुढं ठेवली.

“या मॅडम. बसा.”

समोरच्या टपरीवरून त्यानं चहा सांगितला. चारही बाजूंना उघडलेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची भेंडोळी, जळक्या वार्निशचा वास.

“माय कशी हाय?”

“बरी आहे.”

“मोटार चालते ना?”

“चालते.” तिनं ग्लास हातात धरून ठेवला. “रागिणी?”

“परीक्षा हाय तिची.”

दामिनी वाट बघत होती. तो काही विचारेल असं तिला वाटत होतं. ‘हॅज कम’ म्हणावं की ‘केम’, एवढं जरी विचारलं असतं तरी ती बोलू शकली असती. तो एका मोटारीचा स्क्रू सैल करत राहिला.

“तुमच्या काही शंका असतील तर…” ती म्हणाली, “फोन करत जा. क्लासला यायलाच पाहिजे असं नाही.”

खुशालरावनं स्क्रू तळहातावर घेतला. त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता.

“नाई मॅडम. आता भागते.”

बाहेर मोटारसायकल थांबली. मागं एका शेतकऱ्यानं गोणपाटात गुंडाळलेली, चिखलानं माखलेली मोटार कवटाळून धरली होती. खुशालराव धावला. दोघांनी मिळून ती उतरवली आणि वाकलेल्या कमरेनं, पावलं घासत आत आणायला लागले. दुकानात ठेवायला जागा नव्हती. मधोमध खुर्ची होती.

“प्लीज साइड, मॅडम,” ओझ्याखालून खुशालराव म्हणाला.

दामिनी उठली. ग्लास खाली ठेवून तिनं खुर्ची उचलली आणि भिंतीला लागून बाजूला उभी राहिली.